मतदाराला शहाणपण शिकविण्यापूर्वी

निवडणुकीचा निकाल आपल्या मनासारखा लागला नाही की सुशिक्षित माणूस प्रथम मतदारावर रागावतो. लोक अडाणी आहेत, जातीवर गेले, धर्माच्या नावाने वाहवले, पैशाला विकले गेले, असे चार ठरलेले शेरे मारून तो मोकळा होतो. शिक्षकांच्या खोलीत, कचेरीतील मधल्या सुट्टीत आणि महाविद्यालयाच्या कट्ट्यावर हे शेरे आपण सर्वांनी ऐकले आहेत. प्रामाणिकपणे सांगावयाचे तर उच्चारलेही आहेत. या शेऱ्यांत एक सोय असते. मतदार मूर्ख ठरला की त्याने तसे मत का दिले, हे शोधण्याचे कष्ट वाचतात आणि त्या मतामागे आपलाही काही वाटा असेल काय, हा अडचणीचा प्रश्न तर उपस्थितच होत नाही.

अतिउजव्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पक्षांना मिळणाऱ्या मतांविषयी तर हे विशेषच खरे आहे. येथे ‘अतिउजवा’ हा शब्द कोणत्या अर्थाने वापरला आहे, ते आधीच स्पष्ट केलेले बरे. देशातील किंवा प्रांतातील रहिवाशांची ‘मूळचे धनी’ आणि ‘उपरे’ अशी विभागणी करणारे, आपल्या सर्व दुःखांचे मूळ दुसऱ्या गटात दाखविणारे, कायद्याच्या संथ वाटेपेक्षा रस्त्यावरील तडकाफडकी न्यायाची भलावण करणारे आणि एका नेत्याच्या शब्दाला अखेरचा शब्द मानणारे राजकारण, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा. या व्याख्येत एखादा पक्ष कायमचा बसतो असे नाही. पक्ष बदलतात. परंतु 1980 नंतरच्या दोन दशकांत शिवसेनेने मराठवाड्यात जे राजकारण केले ते या वर्णनाला बरेचसे जुळणारे होते, हे तिच्या तेव्हाच्या समर्थकांनाही नाकारता येणार नाही. त्या राजकारणाला धाराशिव जिल्ह्यातील सामान्य माणसाने का जवळ केले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

एक कोडे

धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) लोकसभा मतदारसंघ दीर्घकाळ अनुसूचित जातींसाठी राखीव होता. 1996 मध्ये येथून शिवसेनेचे शिवाजी कांबळे निवडून आले. 1998 मध्ये ही जागा पुन्हा काँग्रेसच्या अरविंद कांबळे यांच्याकडे गेली. 1999 मध्ये शिवाजी कांबळे परतले आणि 2004 मध्ये शिवसेनेच्याच कल्पना नरहिरे विजयी झाल्या. आता या तारखांशेजारी दुसरी एक तारीख ठेवून पाहावी. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने 27 जुलै 1978 रोजी केला. त्यानंतर मराठवाड्यातील दलित वस्त्यांवर जे अत्याचार झाले त्यांचा डाग अद्याप पुसलेला नाही. पुढे नामांतराच्या विरोधात ज्या पक्षाने सर्वांत मोठा आवाज लावला तो शिवसेना हाच होता. अखेर 14 जानेवारी 1994 रोजी नामविस्तार झाला आणि त्यानंतर अवघ्या सव्वादोन वर्षांत याच मराठवाड्यातील एका राखीव मतदारसंघाने शिवसेनेचा उमेदवार दिल्लीला पाठविला.

या कोड्याचे उत्तर ‘लोक अडाणी आहेत’ या एका वाक्याने मिळत नाही.

‘दारिद्र्य’ या शब्दानेही ते मिळत नाही. मराठवाड्याचे मागासलेपण खरे आहे. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 1984 मध्ये राज्यातील प्रादेशिक अनुशेष तीन हजार कोटींहून अधिक असल्याचे दाखवून दिले आणि त्यात मराठवाड्याचा वाटा मोठा होता. 2018 मध्ये नीती आयोगाने देशातील ‘आकांक्षित’ जिल्ह्यांची यादी केली तेव्हा महाराष्ट्रातील ज्या चार जिल्ह्यांची नावे त्यात आली, त्यांत नंदुरबार, गडचिरोली आणि वाशिम यांच्या पंक्तीला उस्मानाबाद होता. परंतु हे दारिद्र्य काही 1985 नंतर आलेले नव्हे. 1972 च्या दुष्काळात खडी फोडून पोट भरणारी माणसे शिवसेनेकडे गेली नव्हती. त्याच काळात या जिल्ह्याच्या गावोगावी शेतकरी कामगार पक्षाचा लाल बावटा फडकत होता आणि भाई उद्धवराव पाटलांसारखा नेता शेतकऱ्याच्या प्रश्नावर विधिमंडळ दणाणून सोडीत होता. तीच कोरडवाहू जमीन आणि तेच सावकार, पण मत मात्र डावीकडे जात होते. तेव्हा दारिद्र्य माणसाला अस्वस्थ करते हे खरे. ती अस्वस्थता कोणत्या वाटेने जाईल हे त्याच्यासमोर कोणत्या वाटा उघड्या आहेत यावर ठरते.

रिकामी झालेली जागा

पहिले कारण येथेच सापडते. 1978 नंतर मराठवाड्यात सत्तेविरुद्धचा असंतोष दोन पात्रांतून वाहत होता. एक पात्र शेतकरी कामगार पक्षासारख्या डाव्या व समाजवादी पक्षांचे. दुसरे शरद पवारांच्या नेतृत्वाखालील काँग्रेसचे. डाव्या पक्षांची शक्ती ओसरत गेली. जुने कार्यकर्ते थकले आणि नवे घडविण्याची यंत्रणा उरली नाही. डिसेंबर 1986 मध्ये औरंगाबादेत राजीव गांधींच्या उपस्थितीत पवारांचा पक्ष मूळ काँग्रेसमध्ये विलीन झाला. वर्षानुवर्षे ‘वाड्यावरच्यांच्या’ विरोधात पत्रके वाटणारा, मार खाणारा, सतरंज्या उचलणारा गावातला तरुण एका रात्रीत सत्ताधारी पक्षात जाऊन पडला, किंवा उघड्यावर आला. पुढाऱ्यांना पदे मिळाली. त्याच्या असंतोषाचे काय करावयाचे, हे त्याला कोणी सांगितले नाही.

1966 मध्ये स्थापन झालेली आणि दोन दशके मुख्यतः मुंबई-ठाण्यापुरती राहिलेली शिवसेना नेमक्या याच सुमारास मराठवाड्यात शिरली. 1988 मध्ये औरंगाबाद महानगरपालिकेच्या पहिल्याच निवडणुकीत तिने 27 जागा जिंकल्या. 1990 मध्ये विधानसभेत तिचे 52 आमदार गेले आणि 1995 मध्ये 73. विरोधकाची रिकामी झालेली जागा तिने भरली. अनेकांनी तिला मत दिले ते तिचे हिंदुत्व मान्य होते म्हणून नव्हे. तर काँग्रेसला खरोखर पाडू शकेल असा दुसरा पक्ष गावात उरला नव्हता म्हणून.

हे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. जर्मनीत हिटलरच्या पक्षाला 1928 मध्ये शंभरांत तीनही मते नव्हती. 1930 मध्ये ती अठरांवर आणि जुलै 1932 मध्ये सदतीसांवर गेली. ही मते बेकार कामगारांची होती, असा समज रूढ आहे. तो पुरता खरा नाही. बेकार कामगार मोठ्या संख्येने कम्युनिस्टांकडे वळले आणि कॅथलिक मतदार बव्हंशी आपल्या जुन्या पक्षाला धरून राहिला. नाझींकडे लोंढा वळला तो प्रॉटेस्टंट खेड्यांतील शेतकऱ्यांचा आणि छोट्या गावांतील दुकानदार-कारकुनांचा, म्हणजे ज्यांचे मधले पक्ष डोळ्यांदेखत कोसळले होते त्यांचा. फेब्रुवारी 2025 च्या जर्मन निवडणुकीत अतिउजव्या पक्षाला एकूण 20.8 टक्के मते पडली. परंतु पूर्वीच्या कम्युनिस्ट पूर्व जर्मनीत, जेथे जुन्या पक्षांची आणि संघटनांची मुळे उथळ होती, तेथे तो पहिल्या क्रमांकावर गेला. धाराशिवचा शेतकरी आणि जर्मनीचा शेतकरी यांची बरोबरी करण्याचा येथे हेतू नाही. संघटना मेल्या की अतिरेकी राजकारणाला वाट मोकळी होते, एवढाच धडा घ्यावयाचा आहे.

दाराबाहेरचा तरुण

दुसरे कारण अधिक घरगुती आहे. ग्रामीण महाराष्ट्रात सोसायटी, दूध संघ, साखर कारखाना, जिल्हा बँक आणि शिक्षणसंस्था ही पाच दारे. या दारांतूनच माणूस पुढे जातो. कर्ज, उसाची नोंद, मुलाची नोकरी, मुलीचा प्रवेश, सारे त्यांतूनच. या दारांच्या किल्ल्या कोणाकडे होत्या, हे जिल्ह्यातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक होते. सहकाराने शेतकऱ्याला उभे केले ही गोष्ट खरी. तथापि काही घराण्यांना त्याने कायमचे सिंहासनही बांधून दिले. पुढे 2002 मध्ये सरकारी रोख्यांच्या व्यवहारातील घोटाळा उघडकीस आला तेव्हा इतर काही जिल्हा बँकांबरोबर या जिल्ह्याच्या मध्यवर्ती बँकेचेही पैसे बुडीत गेले. ढोकीचा तेरणा कारखाना वर्षानुवर्षे बंद पडून राहिला. कुंपणानेच शेत खाल्ले, अशी भावना शेतकऱ्याच्या मनात घर करून बसली ती काही कोणा वक्त्याच्या भाषणामुळे नव्हे.

शिक्षणाचा प्रसार झाला आणि दहावी-बारावी झालेला, क्वचित पदवी घेतलेला तरुण घरोघरी दिसू लागला. शेतात त्याचे मन रमेना, नोकरी मिळेना आणि सोसायटीच्या बैठकीत त्याला कोणी खुर्ची देईना. ज्यांच्या आडनावाला वजन नाही, ज्यांच्या जातीची गावात दहा-वीस घरे आहेत, त्यांची अवस्था तर आणखीच बिकट. अशा तरुणाला शिवसेनेने ‘शाखाप्रमुख’ केले. गावच्या वेशीवर वाघाचे चित्र असलेली पाटी लागली आणि तिच्यावर त्याचे नाव आले. तालुक्याच्या कचेरीत साहेबाने ज्याला कधी बसा म्हटले नव्हते, त्याच्यासाठी आता साहेब उभा राहू लागला. डेन्मार्कचे अभ्यासक टॉमस ब्लॉम हॅन्सन आणि आपल्याकडील सुहास पळशीकर यांनी शिवसेनेच्या वाढीचा जो अभ्यास केला त्यातही या तरुणाचे दर्शन घडते. त्याला विचारसरणी मिळाली ती नंतर; आधी मिळाली ती पत.

राखीव मतदारसंघाच्या कोड्याचा एक धागा येथे सापडतो. दलित हा एकजिनसी समाज नाही. नामांतराच्या लढ्यात अग्रभागी राहून ज्यांनी घाव सोसले ते एका बाजूला होते. त्या लढ्याच्या परिघाबाहेर राहिलेल्या, काँग्रेसच्या राखीव उमेदवाऱ्यांतही ज्यांना वाव मिळाला नव्हता, अशा लहान जाती दुसऱ्या बाजूला. शिवसेनेने ही फट अचूक हेरली. शिवाय राखीव जागेवर निकाल ठरविणारा बहुसंख्य मतदार हा दलितेतर असतो, हेही विसरता येत नाही. काँग्रेसविरोध, पत मिळविण्याची आकांक्षा आणि नामांतराविषयीचा सवर्ण रोष हे तीन निरनिराळे प्रवाह एकाच चिन्हापाशी येऊन मिळाले.

अर्धी आठवण

तिसरे कारण इतिहासाचे. आणि येथे शिक्षकवर्गाने विशेष लक्ष द्यावे अशी विनंती आहे.

मराठवाड्याला निजामी राजवटीची आठवण आहे. ती खोटी नाही. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा भाग हैदराबाद संस्थानात होता. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी हा लातूरचा वकील आणि लातूर तेव्हा याच जिल्ह्यात होते. 1982 पर्यंत ते तसेच राहिले. रझाकारांनी गावे लुटली, माणसे मारली. आजही अनेक घरांत आजीच्या तोंडून ती हकीकत नातवंडांपर्यंत येते. या जिल्ह्यातील हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिक्षक असलेल्या स्वामी रामानंद तीर्थांनी पुढे ज्या मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व केले, तो आपल्या अभिमानाचा विषय आहे आणि असावयास हवा.

परंतु ही आठवण अर्धी आहे. पोलीस कारवाईनंतर काय झाले, हे सांगणारी आजी आपल्या घरी नसते. ती शेजारच्या मोहल्ल्यात असते आणि तिने बोलणे केव्हाच सोडून दिलेले असते. नेहरू सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने या भागात हिंडून जो अहवाल दिला त्यात उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे सर्वांत अधिक होरपळलेले चार जिल्हे म्हणून नमूद आहेत. या चार जिल्ह्यांत मिळून अठरा हजारांहून कमी माणसे मारली गेली नसावीत, असा समितीचा अंदाज होता. त्यांतील बहुतेकांचा रझाकारांशी काडीचाही संबंध नव्हता. हा अहवाल अनेक दशके दप्तरात बंद राहिला. अभ्यासकांच्या हाती तो सहजपणे आला 2013 च्या सुमारास.

इतिहासाचा हा दुसरा अर्धा भाग शाळेत कोणी शिकविला नाही. हैदराबादेत रझाकारांविरुद्ध निर्भयपणे लिहिले म्हणून ऑगस्ट 1948 मध्ये ज्याचा खून झाला तो ‘इमरोज’चा संपादक शोएबुल्ला खान मुसलमान होता, हेही आपल्या किती विद्यार्थ्यांना माहीत आहे? मुक्तिसंग्राम हा एका जुलमी राजवटीविरुद्ध प्रजेचा लढा होता. तो दोन धर्मांमधील लढा म्हणून सांगितला जाऊ लागला, तेव्हा आपण गप्प बसलो. वक्ता येतो, ‘रझाकार’ हा एकच शब्द उच्चारतो आणि समोरच्या हजारो माणसांच्या मनात शेजारच्या विणकराचा, हमालाचा, शेतमजुराचा चेहरा उभा राहतो. हे सामर्थ्य वक्त्याचे कमी आणि आपल्या अर्ध्या शिकवणीचे अधिक आहे.

नावाच्या प्रश्नालाही हीच बाजू आहे. उस्मानाबाद हे नाव सातवा निजाम मीर उस्मान अली खान याच्यावरून पडलेले. धाराशिव हे नाव त्याहून पुष्कळ जुने आणि खेड्यातल्या माणसाच्या तोंडून ते कधी गेलेच नव्हते. जून 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने नामांतराचा निर्णय घेतला, फेब्रुवारी 2023 मध्ये केंद्राची संमती आली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिल्ह्याचेही नाव बदलले. जुने नाव परत आल्याचा आनंद ज्याला झाला तो प्रत्येक जण द्वेष्टा होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु नाव बदलल्याने तेरणेला पाणी येत नाही, हे त्याला सांगणेही तितकेच आवश्यक आहे. कृष्णेचे पाणी या जिल्ह्यात आणण्याच्या गोष्टी दोन दशकांहून अधिक काळ चालल्या आहेत. फलकाचे काम झटपट होते, कालव्याचे वर्षानुवर्षे रेंगाळते. आणि राजकारणी माणूस स्वभावतःच झटपट होणाऱ्या कामाकडे वळतो.

समजणे आणि समर्थन करणे

येथवर वाचून कोणी म्हणेल, की मग या राजकारणाला निर्दोष ठरवून टाकावे काय? नाही. रोगाचे कारण सांगणे म्हणजे रोगाची वकिली नव्हे.

या मतांची किंमत कोणी मोजली, याचा हिशेब मांडलाच पाहिजे. 1987 च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीत धर्माच्या आधारे मते मागितल्याबद्दल डॉ. रमेश प्रभू यांची निवड उच्च न्यायालयाने रद्द केली. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला आणि पुढे बाळासाहेब ठाकरे यांना सहा वर्षांसाठी मताधिकार गमवावा लागला. डिसेंबर 1992 व जानेवारी 1993 मधील मुंबईच्या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने 1998 मध्ये जाहीर झालेल्या अहवालात शिवसेनेवर व तिच्या नेत्यावर स्पष्ट शब्दांत ठपका ठेवला. खेड्यातल्या ज्या मतदाराने केवळ काँग्रेसला धडा शिकविण्यासाठी मत दिले, त्याला मुंबईतील त्या आगी अभिप्रेत नव्हत्या हे मान्य. तथापि मत हे पोस्टात टाकलेल्या पत्रासारखे असते. एकदा टाकले की त्यातील आपल्याला हवी तेवढीच ओळ पोहोचवा, असे पोस्टमनला सांगता येत नाही.

आणि पत मिळविण्याच्या त्या आनंदालाही एक काळी कडा आहे. साहेब उभा राहतो तो आदराने नव्हे, पुष्कळदा भीतीने. मार्च 2017 मध्ये धाराशिवचे तत्कालीन खासदार रवींद्र गायकवाड यांनी विमान कंपनीच्या एका कर्मचाऱ्याला चपलेने मारले आणि ते स्वतःच पत्रकारांना सांगितले, तेव्हा साऱ्या देशात टीका झाली. त्या टीकेत त्यांची बाजू घेणारेही पुष्कळ निघाले. व्यवस्थेने ज्याला वर्षानुवर्षे ताटकळत ठेवले त्याला कोणीतरी हात उगारलेला पाहून समाधान वाटते. परंतु त्या दिवशी मार खाणारा माणूसही व्यवस्थेचा धनी नव्हता. तोही कोणाचा तरी नोकरच होता. या राजकारणात हात नेहमी खालच्या पायरीवर पडतो. वरच्या पायरीवरचे लोक सुखरूप असतात.

मतदार बंदिवान नाही

आता अलीकडच्या घटनांकडे पाहिले तर एक आशेची खूण दिसते. ज्या मतदाराला आपण कायमचा धर्मवेडा समजतो तो तसा नाही. 2009 मध्ये याच मतदारसंघाने राष्ट्रवादी काँग्रेसचे डॉ. पद्मसिंह पाटील यांना निवडून दिले आणि 2014 मध्ये त्यांनाच दोन लाखांहून अधिक मतांनी पाडले. विमानातील त्या प्रकारानंतरच्या, म्हणजे 2019 च्या निवडणुकीत पक्षाने गायकवाडांना उमेदवारीच दिली नाही. ओमराजे निंबाळकर निवडून आले. नोव्हेंबर 2019 मध्ये शिवसेनेने काँग्रेस व राष्ट्रवादीबरोबर सरकार बनविले, जून 2022 मध्ये ती फुटली आणि 2024 च्या लोकसभेला ओमराजे मशाल चिन्हावर तीन लाखांहून अधिक मतांनी विजयी झाले. त्या वेळी मुसलमान मतदारांनी राज्यात ठिकठिकाणी ठाकरे यांच्या शिवसेनेला मते दिली, हे निवडणुकीच्या सर्व निरीक्षकांनी नोंदविले आहे. ज्या पक्षाचे नाव काढताच एके काळी मोहल्ल्यातील दारे बंद होत, त्याच पक्षाच्या एका शकलासाठी तेथे रांगा लागल्या.

याच निवडणुकीत दुसऱ्या बाजूने अजित पवारांच्या राष्ट्रवादीच्या चिन्हावर अर्चना पाटील उभ्या होत्या. जिल्ह्यातील जुन्या पाटील घराण्याच्या त्या सून आणि त्यांचे पती राणाजगजितसिंह पाटील हे तुळजापूरचे भाजपचे आमदार. म्हणजे वाडा आता पलीकडे गेला होता आणि वाड्याविरुद्धचे मत मशालीकडे. पुढे सहा महिन्यांतच झालेल्या विधानसभेला जिल्ह्यातील चार जागा दोन-दोन अशा वाटल्या गेल्या. धाराशिव व उमरगा ठाकरे गटाकडे, तुळजापूर भाजपकडे आणि परंडा शिंदे गटाकडे. या निकालांत सोयाबीनच्या पडलेल्या भावाचा राग होता, आरक्षणाच्या आंदोलनाची धग होती, घराण्यांची हाडवैरे होती आणि पक्षफुटीविषयीची चीड होती. धर्म होता, परंतु तो अनेकांतील एक होता.

यावरून निघणारा निष्कर्ष असा, की अतिउजव्या राजकारणाला पडणारे मत हे माणसाच्या स्वभावातून उगवत नाही. ते परिस्थितीतून उगवते आणि परिस्थिती बदलली तर ते परतही येऊ शकते. मात्र परतीची वाटही कोणीतरी मोकळी ठेवावी लागते.

या जिल्ह्याला ती वाट अनोळखी नाही. धाराशिव शहरातील ख्वाजा शमशुद्दीन गाजी यांच्या दर्ग्याच्या उरुसात हिंदू भाविक पिढ्यान्‌पिढ्या सामील होत आले आहेत. तेरच्या गोरोबाकाकांच्या या भूमीत जानेवारी 2020 मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. ख्रिस्ती धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष झाले म्हणून त्याला बाहेरून विरोध झाला, धमक्याही आल्या. तरी उस्मानाबादकरांनी संमेलन निर्विघ्नपणे पार पाडले. ही तीच माणसे, ज्यांना आपण मतमोजणीच्या दिवशी असहिष्णू म्हणून मोडीत काढतो.

आपण काय करणार?

तेव्हा मतदाराला शहाणपण शिकविण्यापूर्वी आपण आपले काम तपासावे, हे उचित. आणि हे ‘आपण’ म्हणजे कोणी मोठे पुढारी नव्हेत. हे पान वाचणारे शिक्षक, कारकून आणि विद्यार्थीच.

सातबाऱ्याचा उतारा, उत्पन्नाचा दाखला किंवा पीकविम्याची चौकशी यासाठी जो शेतकरी तहसील कचेरीत चार खेपा घालतो, त्याला लोकशाही म्हणजे काय हे राज्यघटनेच्या पुस्तकातून कळत नाही. टेबलापलीकडच्या माणसाच्या बोलण्यातून कळते. ‘उद्या या’ असे त्याला पाचव्यांदा ऐकविले, की त्याचे पाऊल आपोआप अशा माणसाकडे वळते जो टेबलावर मूठ आपटून काम करून देतो. त्या आपटलेल्या मुठीला मत मिळते, तेव्हा त्या मताचा एक लहानसा वाटेकरी टेबलाच्या अलीकडे बसलेला असतो. नियमाने होणारे काम नियमाच्या वेळेत आणि माणुसकीच्या शब्दांत झाले, तर दरारा निर्माण करणाऱ्या मध्यस्थाचे अर्धे दुकान बंद होईल.

शिक्षकाने 17 सप्टेंबरला झेंडावंदन झाल्यावर मुलांना पूर्ण गोष्ट सांगावी. रझाकारांचे जुलूम सांगावेत, हिप्परग्याची शाळा सांगावी, शोएबुल्ला खान सांगावा आणि पोलीस कारवाईनंतर निरपराध शेजाऱ्यांवर जे कोसळले तेही सांगावे. याने मुक्तिसंग्रामाचे मोल कमी होत नाही. ज्या मुलाने दोन्ही अर्धे ऐकले आहेत, त्याला एका शब्दाने पेटविणे पुढच्या वक्त्याला अवघड जाईल.

आणि विद्यार्थ्याने? त्याने सोसायटीच्या सर्वसाधारण सभेला जाऊन हिशेब विचारावा, ग्रामसभेत उभे राहावे, शेजारच्या मोहल्ल्यातील वर्गबंधूच्या घरी जाऊन जेवावे. पत मिळविण्यासाठी कोणाच्या तरी विरुद्ध उभे राहावे लागते, ही समजूत त्याच्या पिढीने मोडावयास हवी. हे काम संथ आहे. एखादा फलक बदलण्याइतके ते सोपे नाही. परंतु रिकामी जागा कोणीतरी भरणारच. आपण ती भरली नाही, तर ज्यांना आपण नावे ठेवतो तेच ती पुन्हा भरतील आणि त्या वेळी मतदारावर रागावण्याचा आपला अधिकार आणखीच क्षीण झालेला असेल.